सतरा नंबरचा छाप

मी आयुष्यात सर्वांत जास्त देणं लागतो ते पार्वतीमावशीचं. निवृत्त झालो त्या दिवशी गोदीतल्या छोट्याशा समारंभात मी हे वाक्य बोललो होतो. टाळ्या पडल्या. समोर बसलेल्यांपैकी कोणीही मावशीला पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे बोलायला सोपं गेलं. आज लिहायला बसलो आहे तर तेच वाक्य जड जातंय.

पार्वतीमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. डहाणूच्या खाडीकाठी आमच्या आळीत तिचं घर. वडील समुद्रावर गेले ते परत आले नाहीत आणि मी सात वर्षांचा असताना आईही गेली. मावशीनं मला उचलून आपल्या घरी आणलं. तिचा नवरा दम्यानं अंथरुणाला खिळलेला होता. बोंबील, जवळा, सुकट टोपलीत भरून ती तलासरीच्या बाजाराला जायची, कधी बैलगाडीत, कधी गवताच्या ट्रकवर. आत जंगलपट्टीतली माणसं तिची वाट बघत असायची, कारण तिचा बोंबील वाळूत लोळवलेला नसे. त्या टोपलीवर आमचं घर चालायचं.

घरात आम्ही दोघं, तिचा गणपत आणि मी. वयात सहा महिन्यांचं अंतर. आम्ही सातवी झालो तेव्हा दोघांपैकी एकाला होडीवर पाठवणं भागच होतं. आळी धरून चालली होती की बहिणीचा पोरगा जाणार. मावशीनं गणपतला पाठवलं.

"गणपतला पाण्याचं भ्या नाय आणि दामूला पुस्तकाचं नाय," एवढंच ती म्हणाली.

गणपतनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. "शिक तू. तुझ्या वाटचे पापलेट पण मीच खाईन."

पुढे मी मुंबईला राहून बी.एस्सी. झालो. आमच्या आळीतला पहिला पदवीधर. काही दिवसांनी आरमाराच्या नौका बांधणाऱ्या एका गोदीत पोलाद तपासनिसाच्या हाताखाली लागलो आणि दोन वर्षांनी स्वतः तपासनीस झालो.

हे काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला थोडं सांगायला हवं. जहाज पोलादाच्या प्लेटींचं बनतं. दूरच्या कारखान्यांत पोलादाचा लालभडक ठोकळा लाटून या प्लेटी करतात, पोळी लाटतात तशाच. पोळीत हवा राहिली की तिला पापुद्रा सुटतो. पोलादाचंही तेच होतं. ठोकळ्यात वायूची पोकळी राहिली, तर लाटताना ती चपटी होते आणि प्लेटीच्या पोटात लपून बसते. वरून प्लेट आरशासारखी दिसते. लांबीच्या दिशेनं ओढली तरी टिकते. पण कोणी तिच्या अंगावर काही जोडलं आणि ते बाहेरच्या बाजूला ओढलं, की ती मधोमध उकलते. असा पापुद्रा युद्धनौकेच्या कुशीत राहिला तर काय होईल, हे मला सांगायची गरज नाही.

प्लेट आली की मी तिची जाडी मोजायचो, दोन्ही अंगं बघायचो, कारखान्याचे कागद ताडायचो. मग हातोडी घेऊन ती वाजवायचो. चांगली प्लेट देवळातल्या घंटेसारखी बोलते. पापुद्रा असेल तर आवाज बसका येतो, सर्दी झालेल्या माणसासारखा. पण हजार ठिकाणी कोण वाजवणार? काही दोष निसटायचेच. पास झालेल्या प्लेटीवर मी पोलादी पंचानं छाप मारायचो, वर नांगर आणि खाली माझा नंबर, सतरा. पुढे ती कापताना कडेला पापुद्रा दिसला, तर प्लेट नापास. मग तिच्यावर लाल रंगाची फुली मारायची, आणि ज्यानं छाप मारला त्यानंच छिन्नी घेऊन तो खरवडून काढायचा. ही आमची रीत होती. नियमाच्या पुस्तकात ती होती की नाही, कोण जाणे. आमचे मुख्य तपासनीस साळवीसाहेब म्हणायचे, "आपला शब्द आपल्या हातानं पुसायचा, म्हणजे पुढच्या वेळी द्यायच्या आधी माणूस दोनदा विचार करतो."

मला या कामाचा अभिमान होता. एकदा एक बडे अधिकारी माझ्यावर डाफरले होते. त्यांच्या घाईच्या कामाची प्लेट मी अडवली होती. "कागद बरोबर आहेत ना? मग?" ते म्हणाले. मी म्हणालो, "साहेब, कागद वाजत नाहीत." प्लेट कापली तेव्हा आत हाताच्या पंजाएवढा पापुद्रा निघाला. नंतर महिनाभर कँटीनमध्ये मला कोणी चहा पाजला तर "कागद वाजत नाहीत" म्हणून पाजायचे. तेव्हा माझं वय तिशीच्या आत होतं. डोक्यात थोडी हवा गेली असेल तर नवल नाही.

तीच हवा मला एका शिमग्याला भोवली. पंच गोदीबाहेर न्यायचा नाही असा कडक नियम होता. मी तो खिशात घालून डहाणूला नेला. मावशीला दाखवायचा होता. ती तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिली. "एवढ्याशा खिळ्यावर जहाज चालतंय?" गणपतनं आपला मासे कापायचा कोयता पुढे केला, "मार रे ह्यावर." मी मारला. मग काय, आळीतल्या निम्म्या घरांनी विळ्या, कोयते, पहारी आणल्या. शेवटी आम्ही काशिनाथकाकांच्या भट्टीवर गेलो.

काशिनाथ लोहार म्हणजे आमच्या आळीच्या होड्यांचा वैद्य. नांगर, खिळे, साखळ्या, सगळं त्यांच्या हातचं. कुठलंही लोखंड ते आधी ऐरणीवर वाजवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि मगच भट्टीत घालायचे. लोखंड वाजवायला मी खरं तर त्यांच्याकडेच शिकलो. शाळेतून येताना मी त्यांच्या भट्टीशी उभा राहायचो आणि ते मला कान लावायला सांगायचे. त्यांनी पंच उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे हा छाप बसला की सरकारनं लोखंड वाजवून घेतलं?"

"सरकारनं कुठलं, काका," गणपत म्हणाला, "आपल्या दामूनं."

"मग तर झालंच," काका हसले. "ह्या छापाचं लोखंड आलं तर मी कशाला कान फोडून घेऊ?"

आम्ही सगळे हसलो. सर्वांत मोठ्यानं मी.

मग चीनशी लढाई झाली आणि गोदीत घाई सुरू झाली. एका दिवशी कापायला घेतलेल्या प्लेटींपैकी सात प्लेटींच्या कडा उकलल्या. सातही मीच पास केलेल्या. मी लाल फुल्या मारल्या आणि छिन्नी घेऊन बसलो. सहा छाप काढले. सातव्या प्लेटीचा छाप खालच्या अंगाला होता. ती उलटी करायला क्रेन हवी होती, आणि क्रेन जहाजाच्या बाजूला गुंतलेली. क्रेनवाल्यानं वरूनच ओरडून सांगितलं, "उद्या या, साहेब!" साळवीसाहेबांनी विचारलं, "झाले सगळे?" मी म्हणालो, "झाले." माझ्या मनात उद्याचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी जागा मोकळी करायची म्हणून सकाळीच भंगार उचललं गेलं होतं. मी भंगाराच्या आवारात गेलो नाही. सात प्लेटी नापास झाल्याची शरम होती, आणि आवारातल्या कारकुनाला "माझा एक छाप राहिलाय" असं सांगायची त्याहून जास्त.

वर्षभरानं मावशीचं पत्र आलं. तिला लिहिता-वाचता येत नसे. नामदेव पोस्टमन तिची पत्रं लिहायचा आणि आलेली वाचूनही दाखवायचा. पत्रात आनंद होता. गणपतच्या होडीला सोसायटीतून इंजिन मिळालं होतं. इंजिनाच्या होडीला शिडाच्या होडीचं सुकाणू पुरत नाही, म्हणून काशिनाथकाकांनी नवं लोखंडी सुकाणू केलं होतं. आणि पुढे लिहिलं होतं: "भंगारवाल्या शेठकडे दोघं लोखंड बघायला गेले तर त्यावर तुझा छाप, नांगर आणि सतरा. गणपतनं दुसरं लोखंड घेऊच दिलं नाही. म्हणतो, दामू आता माझ्याबरोबर होडीवर आला."

मी ते पत्र कँटीनमध्ये दोघांना वाचून दाखवलं. त्यानंतर, बहुधा जेवण संपवून हात धुताना, माझ्या लक्षात आलं की पास झालेली प्लेट भंगारात जात नाही.

आता पुढचं लिहितो ते मला सर्वांत अवघड आहे. चांगल्या प्लेटींच्या कापून उरलेल्या कडाही भंगारात जातात. हे खरं आहे. छापाचा तुकडा असा एखाद्या कडेचाही असू शकला असता. मी या खऱ्या गोष्टीला धरून बसलो. तार करता आली असती. एक पोस्टकार्ड पुरलं असतं: होडी काढू नका, प्लेट वाजवून बघा. पण तसं लिहायचं म्हणजे कारण लिहावं लागलं असतं, आणि ते नामदेव पोस्टमननं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं असतं. मी ठरवलं की पुढच्या सुट्टीत जाऊ तेव्हा स्वतःच गुपचूप हातोडी मारून बघू. सुट्टी पावसाळ्यात होती. होडी तेव्हा किनाऱ्यावरच असते.

वैशाख संपता संपता वारं फिरलं. होड्या घाईनं परतत होत्या. गणपतची होडी भर दुपारी खाडीच्या तोंडाशी आली, जिथे लाट आडवी येते आणि खालचा खडक जवळ असतो. तिथे सुकाणू निघून गेलं. होडी आडवी झाली आणि लाटेनं उलटली. तिघं पोहून आले. गणपत इंजिनापाशी होता. तो दुसऱ्या दिवशी मसोली गावाच्या किनाऱ्याला सापडला.

मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मावशी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "त्याच्या वाटचं आता तूच खा."

होडी ओढून वाळूवर आणली होती. मी तिच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे लोखंडाची एक पट्टी बोल्टांनी लाकडाला घट्ट बसवलेली होती. या पट्टीवर वेल्डिंगनं कान जोडले होते आणि त्या कानांत सुकाणू अडकवलेलं होतं. आता कान नव्हते. पट्टी मात्र जागच्या जागी होती, फक्त निम्म्या जाडीची. वरचा निम्मा थर कानांसकट सोलून निघाला होता. उघडा पडलेला भाग तपकिरी, गुळगुळीत, जुना. पट्टीच्या एका टोकाला, जिथून थर सुटला नव्हता, तिथे नांगर होता आणि सतरा.

काशिनाथकाका माझ्या मागे येऊन उभे होते. आळीत त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. वेल्डिंगचं यंत्र त्यांनी वर्षापूर्वीच आणलं होतं आणि होड्या चालवणाऱ्या जुन्या तांडेलांना ते पहिल्यापासून खुपत होतं. कान निघाले, म्हणजे जोड सुटला, म्हणजे काशिनाथ. एवढा सरळ निकाल लागला होता.

"दामू, तू शिकलेला," ते म्हणाले. "बघ ना बाबा. माझा जोड सुटला का?"

जोड सुटला नव्हता. जोड इतका पक्का होता की त्यानं निम्मी प्लेट सोबत नेली होती. हे ओळखायला मला एक नजर पुरली.

"बघायला लागेल, काका," मी म्हणालो.

"वाजवली नाय मी ती. छाप बघितला आणि..." छापाला दोष द्यावा हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. "म्हणजे माझाच हात चुकला असेल. आच कमी पडली असेल."

मी मान हलवली. कशासाठी हलवली ते आजही सांगता येत नाही. त्यांनी तिचा अर्थ होकार असा घेतला.

मुंबईला परतल्यावर मी साळवीसाहेबांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. दार लावून घेऊन म्हणाले, "भंगार हे भंगार म्हणून विकलं जातं. त्याची होडी करा असं आपण कोणाला सांगितलं नाही. कागदावर तुमच्याकडे बोट दाखवणारं काहीही नाही. गप्प राहा. तुमच्यासारख्या घरातून आलेल्या माणसानं ही खुर्ची घालवू नये." मी गप्प राहिलो. त्या पावसाळ्यात मी प्रत्येक प्लेट चारचार वेळा वाजवायचो आणि माणसं मला चिकट म्हणायची.

दिवाळीत डहाणूला गेलो. आळीतली भट्टी थंड होती. मावशी म्हणाली, "गेला तो. बरं झालं." दुसऱ्या दिवशी तिची टोपली उचलायला म्हणून मी तिच्याबरोबर तलासरीला गेलो. बाजाराच्या टोकाला, झाडाखाली, काशिनाथकाका छोटी भट्टी मांडून बसले होते. गवत कापायला निघालेल्या माणसांचे विळे पाजवत होते. आम्हाला बघून ते उठून उभे राहिले. "पार्वतीबाय," त्यांनी हाक मारली. मावशीनं पदर तोंडावर ओढला आणि ती पलीकडच्या बाजूनं गेली. सुकटीची टोपली माझ्या डोक्यावर. मी मध्येच उभा.

"कसं काय, काका?"

"बरं हाय इकडे." त्यांनी विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "विळ्यानं कोण बुडत नाय."

मग त्यांनी तो विळा ऐरणीवर अलगद वाजवला, डोळे मिटले आणि ऐकला. नुसता पाजवायला आलेला विळा. वाजवायची काही गरजही नव्हती.

मुंबईला आल्यावर मी दोन कागद लिहिले. एक गोदीच्या वरिष्ठांना. त्याचा परिणाम असा झाला की पंच माझ्याकडून काढून घेतला गेला आणि दोन वर्षं मी कोठारात मोजदाद केली. भंगारात जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याची दोन्ही अंगं उलटून बघायची, असा हुकूमही निघाला. पुढे पंच परत मिळाला, नंबर वेगळा. त्या नंबरावर मी निवृत्तीपर्यंत काम केलं आणि माझ्या तपासलेल्या प्लेटी आज कुठल्या कुठल्या समुद्रात आहेत. त्याचा अभिमान मला आहे. नाही म्हटलं तर खोटं होईल.

दुसरा कागद मावशीला. त्याचं उत्तर आलं नाही. दोन वर्षं मावशी माझ्याशी बोलली नाही. मी जायचो, ती जेवायला वाढायची आणि आत जायची. मग एका वर्षी आळीतला एक जण मुंबईला आला तेव्हा त्याच्याबरोबर तिनं सुक्या बोंबलाचं पुडकं पाठवलं. निरोप काही नव्हता. काशिनाथकाका आळीत परत आले नाहीत. पण आमच्या होड्यांचं लोखंड बैलगाडीत घालून तलासरीला त्यांच्याकडे जाऊ लागलं, आणि पहिली गाडी मावशीनं स्वतः सोबत बसून नेली, असं मला नामदेवनं सांगितलं.

मावशी गेल्यावर तिच्या पेटीत ते पत्र सापडलं. घड्यांवर विरलेलं होतं. ज्या बाईला वाचता येत नव्हतं तिनं ते कितींदा कोणाकडून वाचून घेतलं असेल, मला माहीत नाही. ते जसंच्या तसं देतो.

"तीर्थस्वरूप मावशीस, दामूचा शिरसाष्टांग नमस्कार.

नामदेवभाऊ, हे पत्र मावशीला घरात वाचून दाखवू नका. आधी आळीतल्या तांडेलांना ओट्यावर बोलवा आणि मग सर्वांसमोर मोठ्यानं वाचा. मध्ये काही गाळू नका.

मावशी, गणपतच्या होडीचा जोड सुटला नाही. काशिनाथकाकांचं काम चोख होतं. प्लेट खराब होती. ती आतून उकललेली होती आणि गोदीनं ती नापास केली होती. तिच्यावरचा माझा छाप मी माझ्या हातानं खरवडून काढायचा होता. सात होते, सहा काढले. सातवा उद्यावर टाकला आणि साहेबांना झाले म्हणून सांगितलं. भंगारात तुकडे करताना लाल फुली दुसऱ्या तुकड्यावर गेली असेल, छापाचा तुकडा शेठकडे आला. काकांनी तो वाजवला नाही, कारण त्यावर छाप होता आणि तो छाप आपल्या दामूचा होता. तो छाप घरोघर दाखवत मीच फिरलो होतो.

तुझं पत्र आलं तेव्हाच मला शंका आली होती. मी कळवलं नाही. लाज वाटली. वाळूवर पट्टी बघितली तेव्हा तर सगळं कळलं होतं. काकांनी मला विचारलं आणि मी खरं सांगितलं नाही. त्यांची भट्टी माझ्यामुळे विझली.

तू गणपतला पाण्यावर पाठवलंस आणि मला शाळेत. त्या शिकण्याचं मी हे केलं. मी माफी मागत नाही, तुला द्यावी लागेल म्हणून. फक्त एक कर. तलासरीच्या बाजारात काकांनी हाक मारली तर ओ दे.

आणि त्यांना सांग, सतरा नंबर कुठे दिसला, तर आधी वाजवून बघा.

तुझा,
दामू"